झेरॉक्स मशीनमध्ये कागद का अडकतो? दोष यंत्राचा, रबराचा की पावसाळी हवेचा?

जून लागला की शिरूर आणि दौंडमधल्या झेरॉक्स दुकानांपुढची गर्दी वाढते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि रहिवासी दाखल्याच्या प्रती हव्या असतात. खरिपाच्या पीककर्जासाठी सातबारा, आठ-अ आणि आधार कार्डाच्या प्रतींचे गठ्ठे बँकेत किंवा सोसायटीत द्यायचे असतात. तहसील कचेरी, दुय्यम निबंधक कार्यालय आणि कोर्टाचे काम तर बाराही महिने चालू असते. नेमके याच दिवसांत यंत्र मध्येच थांबते, पडद्यावर ‘पेपर जॅम’ अशी सूचना येते आणि रांग खोळंबते.

पुण्यात मेकॅनिक तासाभरात येऊ शकतो. शिरूर पुण्यापासून सत्तरएक किलोमीटरवर, तेही रेल्वे नसलेले, सगळी भिस्त नगर रस्त्यावर. दौंड मोठे रेल्वे जंक्शन असले, तरी पुण्याहून माणूस यायचा म्हणजे अर्धा दिवस गेलाच. तोवर दाखल्याची मुदत संपू शकते किंवा दस्त नोंदणीची वेळ हुकू शकते. म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधीची पंधरा मिनिटे महत्त्वाची ठरतात. कागद ओढण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्राच्या महागड्या भागांत नसते. ते कागदात, तो ठेवण्याच्या पद्धतीत किंवा रबराच्या दोन-तीन छोट्या चाकांत असते. हे कसे ओळखायचे, हे कळण्यासाठी आधी कागदाचा आतला प्रवास समजून घ्यावा लागतो.

गठ्ठ्यातून एकच कागद कसा निघतो?

ट्रेमध्ये पाचशे कागद एकावर एक पडलेले असतात. यंत्राला त्यातला फक्त वरचा एक हवा असतो. हाताने नोटा मोजताना बोटाला ओल लावून वरची नोट सरकवतात, साधारण तेच काम यंत्रात रबराचा रोलर करतो. वरच्या कागदावर टेकून फिरणारा हा ‘पिकअप रोलर’. तो कागद पुढे ढकलतो आणि पुढचा ‘फीड रोलर’ तो पकडून आत नेतो.

पण वरचा कागद सरकताना घर्षणामुळे खालचाही त्याच्याबरोबर यायला बघतो. त्याला अडवण्यासाठी फीड रोलरच्या खाली आणखी एक भाग असतो. लहान प्रिंटरमध्ये ती रबराची किंवा कॉर्कसारखी छोटी गादी असते. मोठ्या यंत्रांत उलट दिशेने जोर लावणारा ‘सेपरेशन रोलर’ असतो. एकच कागद आला तर हा रोलर त्याच्याबरोबर निमूट फिरतो. दोन आले तर खालच्याला मागे ढकलतो.

ही सगळी व्यवस्था घर्षणाच्या एका क्रमावर चालते. रबर आणि कागद यांच्यातले घर्षण सर्वांत जास्त हवे. गादी आणि कागद यांच्यातले त्याहून कमी हवे आणि कागदा-कागदातले सर्वांत कमी हवे. हा क्रम टिकला की एक-एक कागद सुटा निघतो. रबर गुळगुळीत झाले तर कागद उचललाच जात नाही. कागद एकमेकांना चिकटले तर दोन-तीन एकदम आत जातात. ट्रेपाशी होणाऱ्या बहुतेक तक्रारी या दोन प्रकारांतच बसतात.

पुढे कागद ‘रजिस्ट्रेशन रोलर’पाशी क्षणभर थांबतो. हे रोलर त्या वेळी स्थिर असतात. मागून येणारा कागद त्यांच्यावर टेकतो, किंचित फुगतो आणि त्याची पुढची कड सरळ होते. मग ड्रमवरची प्रतिमा आणि कागद यांची वेळ जुळवून तो पुढे सोडला जातो. ड्रमवरची टोनरची भुकटी कागदावर उतरते आणि शेवटी ‘फ्यूजर’मध्ये दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या रोलरखालून जाताना ती वितळून कागदाला चिकटते.

‘जॅम’ म्हणजे नक्की काय?

यंत्राला कागद दिसत नाही. वाटेत जागोजागी सेन्सर असतात. अनेक ठिकाणी ते प्लास्टिकच्या छोट्या पात्यांच्या रूपात असतात. कागद आला की पाते दबते, गेला की परत वर येते. यंत्र फक्त वेळ मोजत असते.

मिनिटाला तीस प्रती काढणाऱ्या यंत्रात दर दोन सेकंदांनी एक कागद बाहेर पडतो. म्हणजे प्रत्येक सेन्सरपाशी कागद कधी पोहोचायला हवा आणि कधी निघून जायला हवा, याचा हिशेब सेकंदाच्या अंशांत ठरलेला असतो. ठरल्या वेळेत कागद पोहोचला नाही, तर एका प्रकारचा जॅम. पोहोचला पण वेळेत निघून गेला नाही, तर दुसऱ्या प्रकारचा. पहिल्याचा अर्थ ‘मागून कोणीतरी नीट ढकलले नाही’ आणि दुसऱ्याचा ‘पुढे काहीतरी आडवे आले’.

यावरून दोन कोडी सुटतात. एक, कागद कुठेच अडकलेला नसताना यंत्र जॅम का दाखवते? मागच्या वेळी फाटलेला नखाएवढा तुकडा एखाद्या पात्याखाली राहिला, की यंत्राच्या दृष्टीने तिथे कागद अजून आहेच. दोन, कागद दिसायला चांगला असूनही तो पुन्हा पुन्हा एकाच जागी का थांबतो? झिजलेला रोलर घसरत घसरत कागद ढकलतो, त्याला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यावर यंत्र काम थांबवते.

कागदाचा हा त्रास यंत्राइतकाच जुना आहे. चेस्टर कार्लसन या अमेरिकी संशोधकाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात कोरड्या छपाईची पहिली प्रत काढली. ‘झेरॉक्स’ या नावातल्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी ‘कोरडा’. साध्या कागदावर प्रती काढणारे कंपनीचे ‘९१४’ हे यंत्र १९५९ मध्ये बाजारात आले. आत अडकलेला कागद तापून पेटण्याची भीती असल्याने त्याच्यासोबत छोटे अग्निशामक दिले जाई. भारतात १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स ही कंपनी सुरू झाली. पुढे प्रत कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर काढलेली असो, तिला ‘झेरॉक्स’च म्हटले जाऊ लागले. आता यंत्रे पेटत नाहीत, पण कोरडेपणाची अट तशीच आहे.

जूनमध्येच त्रास का वाढतो?

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. उन्हाळा कडक आणि कोरडा. मेमध्ये दुपारची हवा इतकी शुष्क असते की कागदातला ओलावाही उडतो. मग पावसाची चाहूल लागते आणि पंधरा दिवसांत हवा दमट होते. पाऊस भरपूर पडला नाही तरी दमटपणा येतोच.

कागद म्हणजे लाकडाच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या तंतूंची जाळी. ती हवेतले पाणी शोषते आणि सोडते. कॉपियरच्या कागदात कारखान्यातून निघताना साधारण चार ते पाच टक्के ओलावा ठेवलेला असतो. उघड्या रिमचे कागद दमट हवेत राहिले, की आधी कडा पाणी शोषतात आणि फुगतात, मधला भाग मात्र तसाच राहतो. म्हणून गठ्ठ्याच्या कडा लाटांसारख्या दिसू लागतात. असा कागद मऊ पडतो, रोलरने ढकलला की सरळ न जाता दुमडतो आणि शेजारच्या कागदाला चिकटून राहतो. फ्यूजरच्या उष्णतेत त्यातले पाणी वाफ होऊन निघते आणि कागद गुंडाळल्यासारखा वळतो. पावसाळ्यात यंत्राच्या तोंडाशी कधी कधी पांढरा धूर दिसतो, तो बहुतेक वेळा हीच वाफ असते. जळका वास असेल तर मात्र यंत्र लगेच बंद करावे.

उन्हाळ्यात याच्या उलट घडते. कोरड्या हवेत कागद एकमेकांवर घासले की स्थिर वीज साठते आणि दोन कागद चिकटून एकदम आत जातात. प्लगचे अर्थिंग नीट नसेल, तर यंत्रात साठणारी वीज निघून जायला वाट मिळत नाही. अर्थिंग सुरक्षिततेसाठी लागतेच, कागदाच्या प्रवासासाठीही ते हवे.

म्हणजे गर्दी आणि हवेतला बदल एकाच वेळी येतात. मेमध्ये उघडून ठेवलेली रिम जूनमध्ये वापरली जाते आणि नेमक्या त्याच वेळी दिवसाला शेकड्यांनी प्रती काढायच्या असतात. दोष मग यंत्राच्या माथी मारला जातो.

कागद कसा ठेवावा, कसा भरावा?

रिमच्या वेष्टनाला आतून ओलावा रोखणारा थर असतो. त्यामुळे लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढीच रिम उघडावी. उरलेले कागद वेष्टनात परत गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. रिमा फरशीवर, भिंतीला टेकून किंवा दाराशी ठेवू नयेत. लाकडी फळी किंवा कपाट बरे. पावसाळ्यात रात्री दुकान बंद करताना ट्रेमधले कागदही काढून पिशवीत ठेवावेत. हे दोन मिनिटांचे काम सकाळचा अर्धा तास वाचवते.

काही मॉडेलमध्ये ट्रेखाली कागद कोरडा ठेवणारा छोटा हीटर असतो. यंत्राचे बटण बंद असले तरी भिंतीतला पुरवठा चालू असेल, तर तो चालतो. असा हीटर आहे का, हे मेकॅनिकला एकदा विचारून घ्यावे. असल्यास पावसाळ्यात भिंतीवरचे बटण बंद करू नये.

कागद भरताना गठ्ठा दोन्ही बाजूंनी फुलवून हवा खेळवावी, मग टेबलावर ठोकून कडा जुळवाव्यात. ट्रेमध्ये भरण्याची कमाल रेघ आखलेली असते, तिच्या वर जाऊ नये. बाजूच्या पट्ट्या कागदाला अलगद टेकायला हव्यात. सैल असल्या तर कागद तिरका जातो, फार आवळल्या तर तो उचललाच जात नाही. ट्रेमध्ये थोडे कागद उरले असताना वरून नवे भरण्याची सवय अनेकांना असते. जुने दमट आणि नवे कोरडे कागद जिथे भेटतात, तिथेच दोन-दोन कागद ओढले जातात. जुने संपल्यावर किंवा काढून घेतल्यावरच नवे भरावेत.

वेष्टनावर अनेकदा एक बाण असतो. ज्या बाजूवर आधी छापायचे, ती बाजू तो दाखवतो. कागद बाहेर पडताना फार वळत असेल, तर गठ्ठा उलटा करून पाहावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

स्वस्त रिम खरेच स्वस्त असते का?

कागदाची जाडी ‘जीएसएम’मध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम. बाजारात ७०, ७५ आणि ८० जीएसएमचे कागद मिळतात. वेष्टनावर छापलेला आकडा खरा आहे का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, किराणा दुकानाचा वजनकाटा पुरतो. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे ८० जीएसएमचा एक कागद पाच ग्रॅमचा आणि पाचशे कागदांची रिम अडीच किलोची. ७५ जीएसएमची रिम सुमारे २ किलो ३४० ग्रॅम भरते आणि ७० जीएसएमची सुमारे २ किलो १९० ग्रॅम. वेष्टनाचे वजन थोडे वर. ७५ चे नाव असलेली रिम दोन किलोच्या आसपास भरत असेल, तर कागद हलका आहे किंवा मोजून कमी आहे.

वजनाइतकीच कापणीही महत्त्वाची. बोथट पात्याने कापलेल्या कागदाच्या कडांना बारीक भुसा चिकटलेला असतो आणि काही कागद कडेला एकमेकांत अडकून राहतात. कागद गुळगुळीत आणि पांढरा करण्यासाठी त्यात खडूसारखी पांढरी भुकटी मिसळलेली असते. हलक्या कागदातून ती जास्त झडते आणि रोलरवर बसते. रिममागे वाचलेले दहा-वीस रुपये अशा वेळी रोलर बदलण्यात आणि वाया गेलेल्या प्रतींत निघून जातात.

रबराचे म्हातारपण कसे ओळखावे?

नवा रोलर हाताला किंचित चिकट, मऊ लागतो आणि त्याच्यावर बारीक रेघा किंवा खरबरीतपणा दिसतो. जुना रोलर चकचकीत, कडक आणि पांढुरका होतो. कागदाची भुकटी, रस्त्यावरची धूळ आणि उष्णता मिळून हे घडवतात. शिरूरमध्ये महामार्गालगत, दौंडला स्टेशनच्या आसपास किंवा रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींच्या तोंडाशी, रस्त्याकडे उघड्या असलेल्या दुकानात ही धूळ दिवसभर येत राहते. यंत्र दारापासून आत ठेवणे आणि रात्री त्यावर कापड टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

रोलर पुसायला पाण्याने जेमतेम ओले केलेले, धागे न सुटणारे सुती कापड घ्यावे. रोलर फिरवत सगळीकडून पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच ट्रे लावावा. काही कंपन्या आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते असे सांगतात, पण ते वारंवार वापरल्यास काही प्रकारचे रबर सुकते. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिले असेल तरच ते वापरावे. पेट्रोल, थिनर आणि पॉलिश पेपर यांपासून लांब राहावे. पॉलिश पेपरने घासलेला रोलर दोन दिवस चांगला चालतो, कारण वरचा गुळगुळीत थर निघालेला असतो. पण त्याची गोलाई बिघडते आणि कागद तिरका जाऊ लागतो.

पुसल्यावर रोलर सुधारला आणि आठवडाभरात पुन्हा तीच तक्रार आली, तर तो बदलण्याची वेळ झाली असे समजावे. पिकअप, फीड आणि सेपरेशन हे तिन्ही शक्यतो एकदम बदलावेत. एक नवा आणि दोन जुने असले की घर्षणाचा क्रम पुन्हा बिघडतो. यंत्र सेकंडहँड घेतले असेल, तर काउंटरवरचा आकडा काहीही असो, रोलर किती चालले आहेत हे हात लावूनच बघावे.

आधी काय तपासावे?

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सगळे एकदम बदलले, तर नेमके कशाने बरे झाले हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

१. कागद कुठे थांबला, ते आधी पाहावे. पुढची कड ट्रेमध्येच आहे, रजिस्ट्रेशनपाशी आहे की फ्यूजरपाशी, हे लक्षात ठेवावे किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

२. नवी, बंद रिम उघडून त्याच ट्रेमध्ये वीस कागद भरावेत आणि वीस प्रती काढाव्यात. जॅम थांबला तर दोष आधीच्या कागदाचा.

३. थांबला नाही, तर तेच कागद दुसऱ्या ट्रेमध्ये घालावेत. दुसऱ्या ट्रेमधून सुरळीत निघाले, तर पहिल्या ट्रेचे रोलर, पट्ट्या किंवा कागद वर उचलणारी प्लेट तपासावी.

४. दोन्ही ट्रेमधून जाणारा कागद एकाच जागी थांबत असेल, तर दोष पुढच्या सामाईक वाटेवर आहे. तिथे कागदाचा तुकडा, स्टेपलची पिन किंवा अडकलेले पाते शोधावे.

५. एका बाजूच्या प्रती नीट निघतात आणि दोन्ही बाजूंच्या अडकतात, तर कागदाचे वळण हे पहिले संशयित. पहिली बाजू छापताना कागद फ्यूजरमधून जाऊन सुकलेला आणि वळलेला असतो आणि त्याच अवस्थेत तो दुसऱ्यांदा आत जातो.

६. ट्रेमध्ये लावलेला आकार आणि यंत्रावर निवडलेला आकार एकच आहे का, हे पाहावे. कोर्ट-कचेरीच्या कामात हा घोळ फार होतो. लीगल कागद १४ इंच लांब, फूलस्केप साधारण १३ इंच आणि ए-फोर पावणेबारा इंचांच्या आत. यंत्राला ए-फोर सांगून लीगल घातला, तर त्याची शेपटी ठरल्या वेळेत सेन्सरवरून हटत नाही आणि यंत्र थांबते. यात बिघाड काहीच नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंची छपाई स्वीकारली, पण तालुक्याच्या गावात लीगल आणि ए-फोर दोन्ही आकार अजून शेजारी-शेजारी वापरले जातात.

अडकलेला कागद काढताना

सर्वाधिक नुकसान जॅममुळे होत नाही, तो घाईने काढल्यामुळे होते. कागद ज्या दिशेने जात होता, त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा. उलटा ओढला तर रोलरचे दाते आणि सेन्सरची पाती मोडू शकतात. यंत्रात हिरव्या किंवा निळ्या रंगाच्या मुठी आणि खटके असतात, ते वापरणाऱ्यासाठीच दिलेले असतात. खटका सोडला की रोलरची पकड सैल होते.

कागद फाटला, तर तुकडे बाहेर काढून टेबलावर जुळवावेत. पान पूर्ण होत नसेल तर उरलेला तुकडा आतच आहे. स्क्रू-ड्रायव्हर, पट्टी किंवा चिमट्याने टोकरू नये. ड्रमला हात लावू नये आणि त्यावर ऊन पडू देऊ नये. फ्यूजरजवळचा भाग भाजतो, तिथे यंत्र बंद करून ते थंड होईपर्यंत थांबावे. मधल्या वाटेवर अडकलेल्या कागदावरचा टोनर पक्का झालेला नसतो, तो हातांना आणि कपड्यांना लागतो. तो थंड पाण्याने धुवावा, गरम पाण्याने तो वितळून बसतो.

पाठकोरे, मुद्रांक आणि जुनी कागदपत्रे

कार्यालयांत पाठकोरे कागद वापरण्याची काटकसर जुनी आहे. हाताने लिहायला ते उत्तमच. कॉपियरमध्ये मात्र ते त्रासाचे ठरतात. एकदा फ्यूजरमधून गेलेला कागद वळलेला असतो, त्याच्या कोपऱ्यात पिनेचे भोक किंवा खुद्द पिन असते आणि जुना टोनर पुन्हा तापून रोलरला चिकटू शकतो. वापरायचेच असतील, तर पिना काढून, दुमडलेले कोपरे बाजूला टाकून, एका वेळी थोडे आणि वेगळ्या ट्रेमधून वापरावेत.

मुद्रांक कागदाचा प्रश्न पैशांचा आहे. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दस्तांसाठीचे किमान मुद्रांक शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपये केले. असा मुद्रांक छापताना चुरगळला, तर एका जॅमची किंमत पाचशे रुपये. मुद्रांक जाड आणि बहुधा घडी घातलेला असतो. तो नेहमीच्या ट्रेमध्ये घालू नये. बाजूच्या, हाताने कागद घालायच्या ट्रेमधून एक-एक सोडावा, कारण तिथली वाट तुलनेने सरळ असते. कागदाचा प्रकार ‘जाड’ निवडावा, घडी आधी पुस्तकाखाली दाबून सपाट करावी आणि मजकुराची जागा त्याच आकाराच्या साध्या कागदावर आधी छापून पाहावी.

वरच्या बाजूने मूळ कागद आपोआप ओढणाऱ्या फीडरमध्ये जुना सातबारा, पिवळा पडलेला फेरफार, शिवलेले खरेदीखत किंवा लॅमिनेशन केलेले कार्ड घालू नये. ती मूळ कागदपत्रे असतात, फाटली तर नवी प्रत काढून उपयोग नसतो. त्यांची जागा काचेवर. फीडरमध्ये घालायच्या कागदांच्या पिना आणि टॅग आधी काढावेत. हाताने लिहिलेली शाई आणि व्हाइटनर पूर्ण वाळलेले असावे.

मेकॅनिकला केव्हा बोलवावे?

नवी रिम, पुसलेले रोलर आणि मोकळी वाट असूनही जॅम होत राहिला, तर वेळ घालवू नये. फ्यूजरपाशी कागद पंख्यासारखा घड्या पडून निघत असेल, यंत्रातून कडकड आवाज येत असेल किंवा रोलर फिरतच नसेल, तर ते दुकानदाराचे काम नाही. पडद्यावरचा संकेतांकही पाहावा. रिकोच्या यंत्रात ‘एससी’, क्योसेरात ‘सी’ आणि कॅननमध्ये ‘ई’ या अक्षरांनी सुरू होणारे संकेतांक साध्या जॅमचे नसतात, ते यंत्रातल्या बिघाडाचे असतात. फ्यूजरसंबंधी संकेतांक असताना यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करणे धोक्याचे ठरू शकते.

फोन करताना ‘मशीन बंद पडले’ एवढेच सांगितले, तर मेकॅनिक रिकाम्या हाताने येतो आणि सुटा भाग आणायला परत जातो. मॉडेलचे नाव, काउंटरवरचा आकडा, कागद कुठे थांबतो, कोणत्या ट्रेमधून थांबतो, नव्या रिमवर काय झाले आणि संकेतांक कोणता, या सहा गोष्टी सांगितल्या तर तो बरोबर रोलर घेऊन निघतो. शिरूर किंवा दौंडसाठी याचा अर्थ दोन फेऱ्यांऐवजी एक. वार्षिक देखभाल करार असेल, तर रोलर त्यात धरलेले आहेत की वेगळे पैसे लागतील, हेही सही करण्याआधी वाचून घ्यावे. अनेक करारांत झिजणारे भाग वगळलेले असतात.

यंत्राशेजारी एक वही टांगून तारीख, जॅमची जागा, कागदाचा ब्रँड आणि रोलर बदलल्याचा काउंटर लिहून ठेवला, तर दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होते. एखाद्याच ब्रँडच्या रिमवर जॅम होतो की एखाद्याच ट्रेमधून, हे नोंदींवरून दिसते. रोलरची पुसापुशी आणि गरज असल्यास बदल मे संपण्याआधी उरकून घेतला, तर जूनच्या रांगेत यंत्र उघडून बसण्याची वेळ सहसा येत नाही.